आमची मुलगी वर्गात परत येते आहे: शाळेला आणि वर्गातल्या पालकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, वर्गशिक्षिका बाई आणि वर्गातल्या सगळ्या मुलांच्या आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या सोमवारपासून आमची मुलगी पुन्हा शाळेत येईल. तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना अर्धवट ठाऊक आहे त्यांनी उरलेलं आपापल्या मनाने भरून घेतलंय, असं गेटपाशी उभं राहिलं की लक्षात येतं. तिथे एकेकाला वेगवेगळं सांगायचं आणि सांगताना ती शेजारी हात धरून उभी, हे आता नको वाटतं. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितो.

मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. तुमच्या घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला, किंवा तसा नुसता संशय जरी आला, तरी त्याच दिवशी आम्हाला कळवा. दुसऱ्या दिवशी नाही, पुरळ पक्कं दिसल्यावर नाही. त्याच दिवशी.

आता कारण. तिच्या आजाराचं पूर्ण नाव अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा कर्करोग हाच, आणि तो बहुधा दोन ते पाच या वयात गाठतो. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. तिथे एका जातीच्या पांढऱ्या पेशी अर्धकच्च्याच राहून बेसुमार वाढत सुटतात आणि कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. लाल पेशी कमी पडतात म्हणून मूल निस्तेज दिसतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी म्हणून अंगावर काळेनिळे डाग उठतात, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी म्हणून ताप उतरता उतरत नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. तिच्या शेजारी बसून, तिची पेन्सिल वापरून, तिच्याशी खेळून कुणालाही काहीही होणार नाही. ‘कशामुळे झालं?’ असं आम्हाला फार जणांनी विचारलं. विचारताना आवाज जरा खाली जातो, त्यावरून खरा प्रश्न ‘तुमचं काय चुकलं?’ असा असावा. बहुतेक मुलांच्या बाबतीत याचं उत्तर ‘कुणाचंच काही नाही’ हे आहे. पेशी विभागताना जनुकांत योगायोगाने बदल होतात, त्यातले काही असे निघतात. यापुढे हा प्रश्न नको.

दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे: ‘बरी झाली म्हणताय, मग औषधं अजून कशाला?’ पहिल्या चारेक आठवड्यांच्या जबर उपचारानंतर बहुतेक मुलांच्या मज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली रोग जवळपास दिसेनासा होतो. याला रिमिशन म्हणतात. आमच्याकडेही तेव्हा सगळ्यांचे अभिनंदनाचे फोन आले. पण दिसेनासा होणं म्हणजे संपणं नव्हे. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव मेल्या तरी हजार कोटी उरतात. तिथे उपचार थांबवले तर रोग जवळजवळ हमखास उलटतो. म्हणून एकामागून एक टप्पे, पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीच्या पाण्यात दिली जाणारी इंजेक्शनं (शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि या पेशी तिथे दडून बसतात), आणि शेवटी मेंटेनन्स नावाचा लांबलचक टप्पा. रोज रात्री गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, ठरलेल्या वारी रक्ततपासणी. सगळं मिळून दोन वर्षांच्या वर जातं. ती सध्या या मेंटेनन्समध्ये आहे.

आणि इथेच गल्लत होते. मेंटेनन्समधलं मूल चांगलं दिसतं. केस परत आलेत, गाल भरलेत, जिना धावत चढते. बघणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. प्रत्यक्षात या काळात डॉक्टर गोळ्यांचा डोस असा बेतून ठेवतात की तिच्या पांढऱ्या पेशी मुद्दामच कमी राहाव्यात. काउंट, म्हणजे रक्ततपासणीत मोजलेले पेशींचे आकडे, फार वर गेले तर डोस वाढतो. म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत तिची प्रतिकारशक्ती महिनोन्‌महिने जाणूनबुजून खाली धरलेली आहे. तिच्या चेहऱ्यावर यातलं काहीही वाचता येत नाही.

साध्या सर्दी-खोकल्याला आम्ही घाबरत नाही, तुम्हीही घाबरू नका. वर्ग म्हटला की नाकं वाहणारच. नाक वाहतंय म्हणून कुणाचं मूल घरी ठेवा असं मी म्हणणार नाही; तसं झालं तर पावसाळाभर वर्ग रिकामा राहील. कांजिण्या आणि गोवर यांची गोष्ट वेगळी.

कांजिण्या आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी काढल्यात. खाज, आठवडाभर सुट्टी, आणि मग एखादा खड्डा कपाळावर. त्यामुळे त्याचं भय कुणाला उरलेलं नाही. केमोवर, म्हणजे कर्करोगाच्या या औषधांवर असलेल्या मुलात मात्र हाच विषाणू कातडीवर न थांबता फुप्फुसात, यकृतात, मेंदूत उतरू शकतो. आणि त्याची खोड अशी की पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या पाठीवर पहिला फोड तुम्हाला शनिवारी आंघोळ घालताना दिसला, तर शुक्रवारी ते आमच्या मुलीशेजारी बसून तो देऊन गेलेलं असू शकतं. यात कुणाचाच दोष नाही. शुक्रवारी तुम्हाला ते कळणं शक्यच नव्हतं.

पण शनिवारी कळलं, तर शनिवारीच पुढचं करता येतं. संपर्कानंतर तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांचं, एक इंजेक्शन देतात. ते पहिल्या चार दिवसांत मिळालं तर उत्तम, फार तर दहा दिवसांपर्यंत. ते मिळालं नाही तर विषाणूविरोधी औषध सुरू करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. हे सगळं संपर्क झाल्याचं वेळेत कळलं तरच शक्य आहे. कांजिण्या अंगात दहा ते एकवीस दिवस गुपचूप वाढतात. आम्हाला कळलंच नाही, तर आम्हाला बातमी थेट तिच्या अंगावरच्या फोडांवरून मिळणार. तोवर ती चार दिवसांची खिडकी केव्हाच बंद झालेली असेल.

गोवराचं तर याहून वाईट. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो, आणि पुरळाच्या चार दिवस आधीपासून ते मूल संसर्ग देत असतं. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं संपर्कात आली तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. केमोवरच्या मुलात कधीकधी पुरळ उठतच नाही, सरळ न्यूमोनिया होतो. इथेही प्रतिपिंडं देता येतात, पण सहा दिवसांच्या आत.

‘तिला लस देऊन टाका ना,’ असं एका पालकांनी सुचवलं. सूचना मनापासून होती, म्हणून नीट उत्तर देतो. या दोन्ही लसी जिवंत, पण अशक्त केलेल्या विषाणूंच्या असतात. केमो चालू असताना त्या देत नाहीत, आणि आजाराआधी घेतलेल्या लसींचं संरक्षणही केमोने झिजलेलं असू शकतं. तेव्हा तिच्या वाट्याची लस तिच्याभोवतीच्या मुलांनीच घ्यायची असते. गोवर पसरू नये यासाठी शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांचं लसीकरण लागतं. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात त्याचा अर्थ असा की दोन-तीन घरांनी जरी टाळलं तरी भिंतीला भगदाड पडतं.

कांजिण्यांच्या लसीची जन्मकथा मला या काळातच कळली. जपानमधले डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांच्या लहान मुलाला १९६४ साली कांजिण्यांनी फार जेरीस आणलं, आणि त्यातून ते या लसीच्या मागे लागले. १९७४ साली त्यांनी पहिला अहवाल छापला तो रुग्णालयात असलेल्या मुलांमध्ये कांजिण्यांची साथ रोखल्याचा. पुढे तिच्या चाचण्या ल्युकेमिया झालेल्या मुलांवरही झाल्या, कारण तिची सर्वांत जास्त निकड त्यांनाच होती. आज ही लस मुख्यतः धडधाकट मुलांना मिळते. तुमच्या मुलांना सुरक्षित ठेवणाऱ्या लसीच्या चाचण्यांत एकेकाळी आमच्या मुलीसारख्या मुलांनी भाग घेतला होता. हा हिशेब मी उपकार म्हणून मांडत नाही, पण लस घ्यायची की नाही याचा विचार करताना तो डोक्यात असू द्या.

आता अवघड मुद्दा. लोक कळवत नाहीत. का कळवत नाहीत याची मला कल्पना आहे. परीक्षा जवळ असते, सुट्टी शिल्लक नसते, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो, आणि ‘आपल्यामुळे त्यांच्या मुलीला काही झालं असं म्हणतील’ ही भीती असते. यातली शेवटची भीती मी काढून टाकू शकतो. तुम्ही कळवलंत तर आम्ही फक्त आभार मानू. तुमच्या मुलाचं नाव आमच्या तोंडून दुसऱ्या कुणाला कळणार नाही, आणि शाळेनेही ते वर्गात घेऊ नये अशी बाईंना विनंती आहे. संशय खोटा निघाला, ती साधी घामोळी निघाली, तरी हरकत नाही. उगीच आलेल्या दहा फोनांनी आमचं काही बिघडत नाही.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं.

तिला वर्गात कणकण वाटली तर थर्मामीटर लावा, आणि आकडा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल तर लगेच आम्हाला फोन करा. तापाची गोळी देऊ नका. गोळीने आकडा उतरतो, कारण तसंच राहतं, आणि तो आकडाच आम्हाला हवा असतो. काउंट कमी असताना ताप आला तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे. तेव्हा ‘शाळा सुटायला अर्धाच तास आहे, थांबू,’ असं कृपया करू नका. आम्ही दोघांपैकी एक जण नेहमी निघायच्या तयारीत असतो.

गळपट्टीच्या हाडाखाली तिला एक उंचवटा आहे. तो पोर्ट, कातडीखाली बसवलेली छोटी डबी. औषधं त्यातून शिरेत जातात. तिथे चेंडू जोरात लागू नये एवढंच बघा. एका औषधाने पायांच्या नसा मंदावतात, त्यामुळे पाऊल नीट उचललं जात नाही आणि ती मधूनच अडखळते. (हे औषध सदाफुलीपासून मिळतं. हे कळल्यापासून ती प्रत्येक सदाफुलीकडे जरा रागानेच बघते.) तरी तिला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवू नका. किती धावायचं ते ती स्वतः ठरवते, आणि बरोबर ठरवते.

दर काही आठवड्यांनी पाच दिवस तिला स्टेरॉइड असतं. त्या दिवसांत भूक आवरत नाही, रडू आवरत नाही, राग तर अजिबात आवरत नाही. हे वळण लावण्याचे दिवस नव्हेत. त्या दिवसांच्या तारखा आम्ही आधी कळवत जाऊ. सुट्टीच्या आधी तिने काही खाल्लं तर खाऊ द्या. पाठीतून दिलेल्या औषधांमुळे काही मुलांचं लक्ष टिकत नाही, लिहायला जास्त वेळ लागतो, ऐकलेल्या सूचनेतला दुसरा भाग निसटतो. तिच्या बाबतीत तसं दिसलं तर वेळ वाढवून द्या. गणितं कमी करू नका.

तुम्हा सगळ्यांना एक विनंती, आणि ती जरा फटकळपणे करतो. ‘किती शूर आहे हो!’ हे तिच्यासमोर म्हणणं थांबवा. ती शूर वगैरे नाही. सुई बघितली की किंचाळते, आणि तिचं बरोबर आहे. शूर म्हणून ठेवलं की तिला रडायचीही सोय उरत नाही. तसंच सांत्वनाला आल्यासारखं बोलू नका. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी या रोगावर पहिल्यांदा औषधाने मुलं काही काळ सावरल्याचं दाखवलं, तेव्हा ती सगळी मुलं पुढे महिन्याभरात, दोन-चार महिन्यांत पुन्हा आजारी पडत. साठच्या दशकातही दहांतलं एखादंच मूल वाचायचं. आज पूर्ण उपचार मिळाले तर या प्रकारच्या ल्युकेमियातून दहांतली जवळपास नऊ मुलं बरी होतात. दहाव्याचा विचार आम्ही करतो, रात्री करतो, ते आमचं काम आहे. तुम्ही तिच्याशी पुढच्या वर्षीच्या सहलीबद्दल बोला. आणि पालकांच्या ग्रुपवर कुणा अमक्याला तमक्या काढ्याने गुण आल्याचे संदेश टाकू नका. तिच्या औषधांचा भार यकृतावर आधीच आहे. त्यात काय मिसळलं तर काय होईल, हे काढा पाठवणाऱ्याला सांगता येणार नाही.

मुलांची काळजी करू नका. ती हे सगळं आपल्यापेक्षा सरळ हाताळतात. मधे एकदा जिन्यात वर्गातल्या एका मुलाने तिला विचारलं, ‘तुझे केस कुठे गेले?’ ती म्हणाली, ‘औषधाने गेले.’ ‘परत येणार?’ ‘हो.’ ‘बरं,’ म्हणून तो खाली पळाला. मोठ्या माणसांकडून मला इतका नेटका संवाद अजून मिळालेला नाही.

शेवटी तिच्या भावाबद्दल. तो याच शाळेत आहे, तिच्या तीन इयत्ता पुढे. सुरुवातीच्या महिन्यांत त्याची आई रुग्णालयात, मी अर्धा तिथे आणि अर्धा कामावर, आणि तो नातेवाइकांकडे, दप्तर एका घरी आणि कपडे दुसऱ्या घरी. भेटणारा प्रत्येक जण त्याला विचारायचा, ‘बहीण कशी आहे?’ तो आता उत्तर पाठ असल्यासारखं देतो: ‘बरी आहे, काउंट चांगले आहेत.’ नऊ वर्षांच्या मुलाला काउंट म्हणजे काय हे कळावं लागतं, यात कौतुक वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. त्याचं पोट दुखतं, बहुधा गणिताच्या तासाला. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही. अशा घरांतल्या भावंडांना पुष्कळदा वाटतं की आपल्याच कुठल्यातरी वागण्याने हे झालं, आणि ते विचारत नाहीत, म्हणून आपल्यालाही सांगायचं सुचत नाही. आम्ही त्याला सांगितलंय. एकदा सांगून भागत नाही.

गेल्या महिन्यात एका पालकांनी त्याला मैदानात गाठून सांगितलं, ‘घरी सांग हं, आमच्याकडे कांजिण्या आल्यात.’ त्यांनी कळवलं याबद्दल मी मनापासून आभारी आहे, आणि हे त्यांना दुखवायला लिहीत नाही. पण तो त्या दिवशी घरात शिरलाच नाही. दाराबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी त्याच्याबरोबर खेळलोय, मी आत येऊ का?’ त्यानंतर तो हात इतके धुतो की बोटांची सालं निघतात. त्याला स्वतःला लस मिळालेली आहे, त्याच्यापासून धोका फार थोडा आहे, हे डॉक्टरांनी त्याच्यासमोर बसून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा हात धुवायला गेला.

म्हणून त्याच्या वर्गातल्या पालकांनाही हे पत्र लागू आहे: तुमच्याकडे काही झालं तर आम्हालाच कळवा, पण त्याच्याकरवी नको. त्याच्या बाईंनी त्याला निरोप्या करू नये, बहिणीची चौकशी त्याच्याकडे करू नये. त्याला विचारायचं असेल तर त्याच्या चित्रकलेच्या वहीबद्दल विचारा, तो तासभर बोलेल.

कांजिण्यांचा संपर्क झाल्याचं कळलं तर ती काही आठवडे घरी राहील, म्हणजे तिची रिकामी जागा बघून कुणी धास्तावू नका. फळ्यावरचं लिहिलेलं पाठवलंत तर बरं होईल. घरात मोठ्या कुणाला नागीण झाली असेल तर तेही सांगा, कारण विषाणू तोच आहे. मग खेळायला ती तुमच्याकडे येण्याऐवजी तुमचं मूल आमच्याकडे पाठवा. आमच्या दोघांचे नंबर शाळेच्या कार्यालयात आणि दोन्ही वर्गांच्या बाईंकडे दिलेत. ते रात्रीही चालू असतात. मेसेज पुरतो, नाव लिहिलं नाही तरी चालेल. फक्त आजारी मूल शेवटचं शाळेत कोणत्या दिवशी आलं होतं तेवढं लिहा.

आपला,
दोघांचा बाबा